भोंगा होईपर्यंत

११ जानेवारी

बारक्या,

आशीर्वाद लिहीत नाही. नऊ वर्षांत एकदाही पाठवले नाहीत, आता पाठवले तर तू ते कचऱ्यात टाकशील, आणि टाकावेसच. कामाचं तेवढं लिहितो. तुला जे झालं होतं ते आता मला झालंय. हस पोटभर. तुझ्या जागी मी असतो तर हसलो असतो. असतो कसला, हसलोच होतो.

पाच महिने झाले. आधी वाटलं, क्रेनच्या केबिनमधली खुर्ची खराब झाली असेल. भांडून खुर्ची बदलून घेतली. मग वाटलं मूळव्याध. ती असती तरी चाललं असतं, मूळव्याधीला लोक निदान नाव घेऊन शिव्या देतात. हे दुखणं कुठे आहे तेच सांगता येत नाही. बसलं की अंडकोषाच्या मागे, मांड्यांच्या मधोमध, लिंबाएवढ्या दगडावर बसल्यासारखं होतं. तिथून पुढे शेंड्यापर्यंत जळजळ, मागे गुदद्वारात आवळ, वर ओटीपोटात ओझं. लघवी करून हात धुवेपर्यंत पुन्हा लघवी लागते. रात्री चारदा उठतो. तुझ्या वहिनीजवळ गेलो की दुसरा अख्खा दिवस आग होते, म्हणून तेही सोडलं. हे मी कोणाजवळ बोललेलो नाही. तुला लिहितो कारण तुला हे सगळं पाठ आहे, तुझ्यापुढे नव्याने ओशाळायचं राहिलेलं नाही.

या शरीराची मला शिसारी आलीय. अंघोळीला गेलो की खाली बघत नाही. चालताना हात नकळत तिकडे जातो आणि रस्त्यावरची बाई तोंड फिरवते. तिला काय वाटत असेल ते मला कळतं, कारण मलाही तेच वाटलं असतं.

डॉक्टर तीन झाले. पहिल्याने मान वर न करता चार आठवड्यांच्या अँटिबायोटिक गोळ्या लिहिल्या. त्याने पोट बिघडलं, दुखणं जागच्या जागी. दुसरा आपल्या जावयाच्या वयाचा. अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर ही म्हण मी आयुष्यभर लोकांना ऐकवली, ती माझ्यावरच उलटली. त्याने बोट घालून पाहिलं आणि म्हणाला, प्रोस्टेट ठीक आहे, गाठ नाही. तिसऱ्याने पुन्हा त्याच गोळ्या दिल्या आणि विचारलं, बाहेर कुठे जाता का. सव्वीस वर्षं नोकरी आणि घर याशिवाय मी कुठे गेलो नाही. मी उठून बाहेर आलो.

सगळे रिपोर्ट स्वच्छ आहेत. लघवीत जंतू नाहीत, रक्तात काही नाही, सोनोग्राफीत काही नाही. स्वच्छ रिपोर्टचा माणसाला एवढा संताप येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

तू बरा झालास असं कानावर आलंय. गाडी चालवतोस, बसून जेवतोस म्हणे. काय केलंस तेवढं कळव. जुनं उकरायला मी लिहीत नाही. त्या कागदाचा विषय तर मुळीच नको.

तुझा पत्ता मावशीने दिला नाही. ती आत पाणी आणायला गेली तेव्हा तिच्या वहीतून उतरवून घेतला.

दादा

२ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं उत्तर नाही. मी मोठा असून चिडू नये, पण चिडलो. दुखणारा माणूस चिडका होतो हे तुझ्याकडे बघून मला नऊ वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. तेव्हा मी त्याला माज म्हणालो होतो.

मध्यंतरी एक गाढवपणा केला. पैलवान तुला आठवत असेल, तू होतास तेव्हा तो धक्क्यावर खाली कंटेनर बांधायचा. आता क्रेन चालवतो. त्याला मी सांगितलं की माझ्या मेहुण्याला असं असं होतं. मेहुणा बिचारा तिकडे ठणठणीत आहे, सुखाने जेवतोय. पैलवान म्हणाला, मेहुण्याचे खालचे स्नायू ढिले पडलेत, त्यांना आवळायचा व्यायाम दे, लघवी रोखताना आवळतो तसं, रोज शंभर वेळा. मला माझंच कौतुक फार, शंभर सांगितले की मी तीनशे करणार. केबिनमध्ये बसून, पायांखालच्या काचेतून कंटेनरवर नजर ठेवून, आवळ आणि आवळ. सहाव्या दिवशी पाळी सुटली तर शिडीवरून उतरता येईना. अर्ध्यावर दोन्ही हातांनी कठडा धरून थांबलो. खालून सिग्नलवाला ओरडला, काय झालं. मी म्हटलं, गुडघा. आता मला गुडघाही आहे, त्याच्यासाठी मलम आणून ठेवावं लागलं आणि चारचौघांत लावावं लागतं.

त्या शिडीवर मला म्हातारा आठवला. आपल्याला दोघांनाही क्रेन शिकवणारा. त्याचं एकच होतं: चढलेला माणूस भोंगा होईपर्यंत उतरत नाही. उतरायला दहा मिनिटं, चढायला पंधरा, खाली जहाज खोळंबतं, मुतण्यासाठी जहाज थांबवणारा कसला ऑपरेटर. आठ तास कोरडे काढायचे. सकाळी घोटभर पाणी, मग घसा खरवडला तरी चालेल. वर बाटली घेऊन जाणाऱ्याला आम्ही बाळ म्हणायचो आणि त्याच्या डब्यात बूच टाकायचो. मला सगळे टाकी म्हणायला लागले तेव्हा मी घरी येऊन ते अभिमानाने सांगितलं होतं. तू त्या वेळी कॉलेजात होतास, केवढा हसला होतास.

आज धक्क्यावर कोणी टाकी म्हणून हाक मारली की मला ओकारी येते.

तुझ्या वहिनीने काल विचारलं, "भाऊजींनाही असंच होत होतं ना?" मी ताट सरकवून उठलो. ती शांतपणे म्हणाली, ताट सरकवून ते खोटं होत नाही.

तू क्रेनवर चढलास त्या पहिल्या दिवशी तुझ्या हातातली पाण्याची बाटली मीच काढून घेतली होती. एवढं मी लिहितो. बाकीचं मला लिहवत नाही.

दादा

२७ फेब्रुवारी

बारक्या,

आता उत्तराची वाट बघत नाही, तरी लिहितो. हे दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही, आणि न सांगता राहवत नाही.

चौथा डॉक्टर बरा निघाला. तो म्हणाला, जंतू नाहीत तर गोळ्या कशाला, आधी त्या बंद. तुमचं दुखणं खरं आहे, पण ते प्रोस्टेटमध्ये नसून ओटीपोटाच्या तळाशी जे स्नायू असतात त्यांच्यात असावं. अशा पुरुषांची संख्या तुम्हाला वाटते त्याहून पुष्कळ आहे, फक्त कोणी बोलत नाही. त्याने फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे पाठवलं. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, कोरड्या आवाजाच्या. खोलीत एक खाट, एक पडदा, भिंतीवर कमरेच्या हाडांचं चित्र. काय करणार ते त्यांनी आधी नीट सांगितलं, थांबा म्हणालात की मी थांबेन असंही सांगितलं. मी भिंतीकडे तोंड करून पडलो. हातमोज्याचा आवाज झाला. मला वाटलं, यापेक्षा क्रेनवरून पडलेलं बरं.

त्यांनी बोट आत घालून एका बाजूला दाबलं आणि विचारलं, "हेच ना?"

हेच होतं. तीच जळजळ, शेंड्यापर्यंत, जशीच्या तशी. सहा महिने ज्याला कोणी हात लावू शकलं नाही ते त्यांनी एका बोटाने दाखवलं. मला किळस आली, लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं. रडू येतंय की काय असं झालं म्हणून मी खोकलो.

मग म्हणाल्या, सोडा. मी म्हटलं, सोडलंय. त्या म्हणाल्या, नाही सोडलंय. असं आमचं पाच मिनिटं चाललं. सव्वीस वर्षं मी तिथे जे धरून ठेवलंय ते सोडायचं कसं तेच मला माहीत नाही. त्यांनी समजावलं ते असं: मूठ दिवसभर वळून ठेवली तर हात दुखेलच, आणि दुखतो म्हणून तुम्ही ती आणखी आवळाल, मग आणखी दुखेल. तुमच्या खाली तीच मूठ आहे. तिथल्या शिरा चिडल्या आहेत, म्हणून बूड टेकलं तरी मेंदूला आग लागल्याची वर्दी जाते. दुखणं मनाचं नाही, पण काळजी केली की मूठ आवळते हे खरं. त्या आवळायच्या व्यायामाचं सांगितल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले.

नंतर टेबलाशी बसून त्यांनी विचारलं, कामावर लघवी किती वेळ रोखता. आठ तास, मी म्हणालो. आणि बारक्या, तुला खोटं कशाला सांगू, म्हणताना माझी छाती फुगली. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे करायला तुम्हाला कोणी लावलं?"

"कोणी नाही. आमचं आम्हीच."

"तुमच्यात आणखी कोणाला झालंय असं?"

मी नाही म्हणालो. चप्पल घालून जिना उतरलो आणि खालच्या पायरीवर मला स्वतःची अशी घाण वाटली की दुखणं परवडलं. त्या बाईंनी जे बोट घातलं त्यात घाण काही नव्हती. माझ्या त्या एका शब्दात होती.

म्हणून आज लिहितो. तू पाळीत तीन-चारदा उतरायला लागलास, जहाजं खोळंबली, तुझी चौकशी लागली. तू सांगितलंस दुखतंय, तुझे रिपोर्ट स्वच्छ. सुपरवायझरने मला बोलावलं, कारण भाऊ आणि वरून टाकी. मी माझ्या हाताने लिहिलं: त्याला कसलाही आजार नाही, तो लहानपणापासून अंगचोर आहे, काम टाळण्यासाठी ढोंग करतो. खाली सही केली. कोणी जबरदस्ती केली नाही. तू उतरायचास तेव्हा सगळा धक्का माझ्याकडे बघायचा, त्याची मला लाज वाटत होती, बस एवढंच कारण. आणि कँटीनमध्ये तुझ्या दुखण्यावर विनोद मीच केला, बाहेरची कुठली तरी लागण घेऊन आलाय म्हणालो. तो विनोद तोंडोतोंडी तुझ्या बायकोच्या, धाकटीच्या भावापर्यंत गेला. ती वर्षभर माहेरी राहिली ती माझ्यामुळे. तुला ते कुठून पसरलं ते कळलं होतं की नाही, मला कधी कळलं नाही. आता तरी तुला कळलं.

दादा

१४ मार्च

बारक्या,

तुझा कागद मिळाला. पत्र म्हणत नाही, वर नाव नाही, खाली सही नाही. पण अक्षर तुझंच, अजून तसंच डावीकडे कललेलं.

तू लिहिलंस तसं सुरू केलंय. कोमट पाण्याच्या टबात पंधरा मिनिटं बसतो. तुझी वहिनी दाराबाहेरून विचारते, शिजलात का. जमिनीवर पाठ टेकून, पोटऱ्या खुर्चीवर ठेवून पोटात श्वास घेतो आणि श्वास आत जाताना खालची जागा सैल पडू देतो. लागली की जातो, पण नुसत्या भीतीने दहा दहा मिनिटांनी जात नाही. पोट साफ ठेवतो, कुंथत नाही. अर्ध्या तासाने उठून उभा राहतो, केबिनमध्येसुद्धा. चालतो. बायकोला टाळू नकोस, तिला सांग, असं तू लिहिलंस. सांगितलं. ती म्हणाली, मला वाटत होतं माझाच कंटाळा आला. बघ, घरातल्या घरात केवढा घोळ.

बरं वाटून पुन्हा वाईट दिवस येतात, तेव्हा सगळं मुळापासून सुरू झालं असं समजून घाबरू नको, हे तुझं वाक्य मी आरशाच्या कडेला लावलंय. परवा असाच दिवस होता. ते वाचलं आणि कामावर गेलो.

शेवटी तू लिहिलंस, "त्या कागदावर तुझी सही अजून आहे."

वाचून आधी रागच आला. आजारी माणसाला औषध देताना कोणी हात पिरगळतं का, असं वाटलं. दोन दिवस धुसफुसलो. मग लक्षात आलं की तू औषध आधी लिहिलंस, सगळं, काही हातचं न राखता, आणि हे शेवटी. मी तुझ्या जागी असतो तर उलट केलं असतं, आणि बहुतेक औषध दिलंच नसतं.

दादा

९ एप्रिल

बारक्या,

मंगळवारी सकाळी साडेदहाला, जहाज लागलेलं, माझ्या क्रेनखाली सतरा माणसं. मला लागली. पूर्वी अशी लागली की मी दात आवळायचो आणि पुढचा कंटेनर उचलायचो. हातातला कंटेनर नीट खाली ठेवला, वॉकीटॉकी उचलला आणि सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असं म्हणालो, "मी लघवीला उतरतोय. मला सात-आठ महिने खाली दुखतंय, भावाला होतं तेच. तो ढोंग करत नव्हता. मी लिहून दिलं ते खोटं होतं."

वीरश्री वगैरे काही नव्हती. आवाज चिरकला आणि शेवटचं वाक्य मी घाईत गिळलं. मग कोणीतरी हसलं, बटण दाबून हसलं, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. नऊ वर्षांपूर्वी मीही असाच हसलो असेन. सिग्नलवाला तेवढा नेहमीच्या आवाजात म्हणाला, समजलं, क्रेन थांबली.

दहा मिनिटं उतरलो. मुतारीत जाऊन उभा राहिलो तर एक थेंब येईना. बाहेर जहाज उभं, आत मी उभा. पोटात श्वास घेत राहिलो. आली हळूहळू.

बाहेर आलो तर पैलवान दारात. मला वाटलं, आता हा चिरफाड करणार. तो इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "मेहुण्याला सांग, दोन वर्षं झाली, मलाही आहे." आणि गेला. मला आवळायला लावणारा हा, स्वतः दोन वर्षं आवळतोय. दोघं एका धक्क्यावर तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होतो आणि एकमेकांना मेहुण्यांच्या गोष्टी सांगत होतो. काय म्हणावं या पुरुषाच्या जातीला.

सुपरवायझरने लेखी खुलासा मागितला. तोच सुपरवायझर, केस तेवढे गेलेत. मी दोन ओळींत लिहिलं की भावाबद्दलचा माझा जबाब खोटा होता, त्याला खरोखर दुखत होतं. तो म्हणाला, फाईल कधीच बंद झाली, आता याचा उपयोग काय. मी म्हटलं, बंद फाईलला टाचणी लागते. शिक्का मारून घेतल्याशिवाय उठलो नाही. नक्कल सोबत आहे. याने तुझी नोकरी परत येत नाही आणि धाकटीचं ते वर्षही येत नाही, ते मला कळतं.

मला क्रेनवरून काढलंय, फाटकावर उभ्याचं काम दिलंय. टाकी म्हणून आता कोणी हाक मारत नाही. दुसरी नावं ठेवलीत, ती तुला लिहीत नाही, तू हसशील.

दादा

२१ एप्रिल

बारक्या,

तुझी माफी मागणारं चार पानी पत्र लिहिलं होतं. तुझ्या वहिनीने वाचलं आणि परत दिलं. म्हणाली, "पत्रात माफी मागितली की भाऊजींना उत्तर देणं भाग पडतं. समोर जाऊन मागा, नाही दिली तर परत या." चार पानं फाडली. बरंच झालं, त्यात तीन पानं माझ्या दुखण्याचीच होती.

दुखणं अजून आहे. निम्म्यावर आलंय. त्या बाई म्हणतात, आणखी काही महिने धरा, मग स्वतःच हसल्या आणि म्हणाल्या, धरा नको, जाऊ द्या. स्वतःची शिसारी मात्र निम्म्यावर आलेली नाही. तिच्यावर टबाचा उपाय चालत नाही.

शनिवारी निघतो. तुझं गाव बसने नऊ तास. एवढं सलग बसणं मला जमायचं नाही, म्हणून तीन ठिकाणी उतरून, पाय मोकळे करून, पुढची बस धरत येणार. रविवारी दुपारपर्यंत पोहोचेन. एकटाच येतोय, तुझ्या वहिनीला मध्ये उभं करून तिच्या आडून बोलायचं नाही. धाकटीला आधी सांगून ठेव, म्हणजे तिला नको असेल तर ती त्या वेळी बाहेर जाऊ शकेल. जेवायला थांबत नाही. बसायलाही सांगू नकोस, उभ्यानेच बोलेन, मला तेच सोपं जातं.

तुला बोलायचं नसेल तर बोलू नकोस. पण शेवटच्या बसमधून उतरून तुझ्या दारात येईपर्यंत मला लघवी लागलेली असेल, आणि आता मी ती रोखून धरणार नाही. तेवढ्यापुरतं दार उघड.

दादा